आमची वाटचाल : आधी प्रमाण, मग सामान

मंगलोरी कौलाची जाडी साधारण १५ मिलिमीटर. १:५० या प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढ्या प्रतिकृतीत ती ०.३ मिलिमीटर होते. लग्नपत्रिकेचा जाड कागद नेमका तेवढाच असतो. रत्नागिरीतल्या आमच्या कार्यशाळेत जुन्या पत्रिकांचे गठ्ठे पडून असतात ते यासाठी. येणाऱ्याला वाटते, स्वस्तातले सामान म्हणून वापरतात. सामान फुकट मिळते हे खरे, पण ते निवडले जाते मापावर. आमच्या धंद्याचा सगळा प्रवास म्हणजे घरातली कोणती वस्तू कोणत्या प्रमाणाला बसते, हे एकेक करून हुडकत जाणे.

आम्ही घरे, बोटी आणि क्वचित रेल्वेची स्टेशने यांच्या छोट्या प्रतिकृती करतो. तयार किट वापरत नाही. जोत्यापासून खिडकीच्या गजापर्यंत सगळे इथेच कापले आणि घासले जाते.

सुरुवात गणपतीच्या देखाव्यांपासून आणि शाळांच्या प्रकल्पांपासून झाली. तेव्हा सगळे थर्माकोलमध्ये. थर्माकोल गरम तारेने लोण्यासारखा कापला जातो, हलका असतो, आणि दहा फुटांवरून किल्ल्याचा बुरूज छान दिसतो. एक फुटावरून मात्र दाणे दिसतात. स्प्रे रंग मारला की त्यातला सॉल्व्हंट थर्माकोल खातो, फेविक्विकही खातो. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि अनेकांचा धंदा बसला. आमचाही तो मोसम कोरडा गेला, पण त्या निमित्ताने पुठ्ठ्याकडे वळलो ते बरे झाले. थर्माकोलमध्ये बारीक काम होतच नाही.

पुठ्ठ्याने पहिल्याच पावसाळ्यात परीक्षा घेतली. कोकणातल्या जुलैच्या हवेत करडा पुठ्ठा पाणी ओढतो आणि पापडासारखा वाकतो. कारण साधे आहे: कागदाचे धागे एका दिशेने असतात आणि ओल धरली की आडवे फुगतात, लांबीला फारसे नाही. एका बाजूला फेविकॉल आणि दुसरी बाजू कोरडी असली की वाकणे ठरलेलेच. आता भिंतीसाठी एकच जाड पुठ्ठा घेत नाही. १.५ मिलिमीटरचे तीन थर घेतो, मधल्याचे धागे आडवे, प्लायवूडसारखे. फेविकॉल जुन्या एटीएम कार्डाने खरवडून पातळ पसरायचा, वर काच आणि काचेवर जांभा दगडाचे दोन चिरे, रात्रभर. मग दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना लाखेचे पॉलिश. कड विसरली की ओल तिथूनच शिरते आणि थर सुटायला लागतात. लाखेचे पॉलिश भर पावसात मारले तर पांढुरके होते, म्हणून ते काम ऑक्टोबरनंतर. घाईचे असेल तर ६० वॅटचा बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत पुठ्ठा आधी सुकवून घ्यायचा.

पुढे मागणी आली ती घरांची. वडिलोपार्जित घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरते, आणि पाडण्याआधी कुणाला तरी वाटते की याची प्रतिकृती मुंबईच्या हॉलमध्ये असावी. काही वेळा घर आधीच पडलेले असते आणि हातात चार फोटो. अशा वेळी फोटोवर पट्टी लावून माप काढू नये. कॅमेऱ्यापासून लांबचा भाग लहान दिसतो, छपराचा उतार तर चेपलेलाच दिसतो. मोजायची ती संख्या, कारण संख्या कोणत्याही कोनातून तीच राहते. कौलाची ओळ वरच्या ओळीखालून साधारण ३२ सेंटिमीटर बाहेर दिसते. वळचणीपासून आढ्यापर्यंत १३ ओळी असतील तर उतार झाला ४.१६ मीटर. जोत्याच्या खुणांवरून वळचण ते आढे हे आडवे अंतर ३.४ मीटर निघाले, तर छपराचा कोन ३५ अंशांच्या आसपास. भिंतीला गिलावा नसेल तर चिऱ्यांचे थर मोजा. आपल्याकडचा चिरा साधारण १४ × ९ × ७ इंच, खाणीगणिक थोडा फरक. दर्जा (थरांमधले सांधे) धरून एक थर साडेसात इंच. दारावरून उंची काढू नका. जुन्या घरांची दारे मुद्दाम ठेंगणी असत आणि अंदाज हमखास चुकतो.

कौलांचे काम सगळ्यात वेळखाऊ, आणि गिऱ्हाईक आधी बघते तेच. १:५० ला कौल ८ मिलिमीटर लांब आणि पाचाला थोडे कमी रुंद. पत्रिकेच्या ८ मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, खालच्या कडेकडून दर ४.२ मिलिमीटरवर (शेजारचे कौल थोडे झाकते म्हणून) ६ मिलिमीटर खोल काप द्यायचे, म्हणजे कौले सुटी दिसतात पण पट्टी एकसंध राहते. मग बोथट विणकामाच्या सुईने प्रत्येक कौलावर दोन उभ्या खाचा. पट्ट्या खालून वर लावत जायच्या, ६.४ मिलिमीटरच्या रेघांवर, आणि सांधे एकाआड एक ओळीत अर्ध्या कौलाने सरकवून. दहा मीटर बाय पाच मीटरच्या एका उताराला साडेसातशेच्या वर कौले लागतात. रेघा आधी आखल्या नाहीत तर दहाव्या ओळीपर्यंत छप्पर दोन-तीन मिलिमीटर तिरके जाते आणि आढ्याशी पाचर राहते. ती नंतर कशानेही लपत नाही.

१:७२ ला मात्र एवढे कष्ट नकोत. बारीक पन्हळीच्या खोक्याचा, म्हणजे मिक्सर किंवा मोबाइलच्या वेष्टणाचा पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलून काढला की आतली पन्हळ साधारण सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटरवर येते. २४ सेंटिमीटरचे कौल १:७२ ला तेवढेच रुंद. साडेचार मिलिमीटरच्या पट्ट्या एकावर एक चढवल्या की झाले. किराण्याचे मोठे खोके घेऊ नका, त्याची पन्हळ दुप्पट असते.

पडवीच्या पत्र्याचे गणित आम्हाला हार्डवेअरच्या दुकानात सापडले. सिमेंटचा नव्हे, जस्ताचा पत्रा. त्याची पन्हळ साधारण ७५ मिलिमीटरवर असते. १:५० ला ती दीड मिलिमीटर, आणि एम-१० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या आट्याच्या सळईवर दोन आट्यांमधले अंतर बरोबर दीड मिलिमीटर. १:७२ ला एम-६, तिथे अंतर १ मिलिमीटर. हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा घ्यायचा (घरातली फॉइल फार पातळ, बोटाच्या दाबाने पन्हळ मोडते), तो कापून जुन्या स्लिपरच्या तळावर पालथा पसरायचा आणि सळई दोन्ही हातांनी दाबून लाटण्यासारखी एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली की आटे जुळत नाहीत आणि सगळे सपाट होते. आटा तिरका असल्यामुळे पन्हळ सुमारे ३ अंश तिरकी उमटते, म्हणून आधी पन्हळ पाडायची आणि मग पन्हळीला काटकोन धरून तुकडे कापायचे. तुकडे १६ × ४९ मिलिमीटरचे, कारण खरा पत्रा आठ फुटी असतो आणि रुंदीला साधारण ८० सेंटिमीटर. अख्खी पडवी एका तुकड्यात झाकली तर ते छप्पर न दिसता बिस्किटाचे वेष्टण दिसते. रंगाआधी मेटल प्रायमर हवाच, नाहीतर वर्षभरात रंगाच्या सालपटी निघतात.

जांभ्याच्या भिंतीसाठी पुठ्ठा सोडून आम्ही ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फलकांसाठी वापरतात त्या फोमसारख्या पीव्हीसीच्या पाटीवर) आलो. ९ इंची भिंत १:५० ला साडेचार मिलिमीटर, त्यामुळे चालून जाते. सनबोर्डची वरची चकचकीत साल ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढली की आतली बारीक छिद्रे उघडी पडतात, तीच जांभ्याची छिद्रे. त्यावर ७ × ३.५ मिलिमीटरचे चिरे रिकाम्या बॉलपेनने दाबून आखायचे, मग तारेच्या ब्रशने इकडे-तिकडे टोचायचे. सगळीकडे सारखे टोचू नका. खऱ्या भिंतीत एखादा चिरा गुळगुळीत असतो, एखादा चाळणीसारखा. कोपऱ्यावर थर फिरून जुळले पाहिजेत. दोन भिंती वेगवेगळ्या आखून जोडल्या की थर अर्ध्या चिऱ्याने वरखाली होतात. रंगाला आधी पांढरा प्रायमर, त्यावर पिवळसर नारिंगी, आणि शेवटी पाण्यात कालवलेला गेरू. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो छिद्रांत उतरतो, नाहीतर वर मण्यांसारखा उभा राहतो. नवा चिरा तांबूस, पावसाळे खाल्लेला काळपट, जोत्याशी हिरवट. सगळी भिंत एकसारखी लाल केली की ती विटेची होते.

खिडकीच्या काचेला फेविक्विक लावू नये. त्याची वाफ दमट हवेत काचेवर पांढरी बुरशीसारखी बसते आणि ती पुसून जात नाही. पारदर्शक शीटच्या कडेला टूथपिकने फेविकॉल पुरेसा. भेगा बुजवायला मात्र फेविक्विकसारखे दुसरे काही नाही: भेगेत खाण्याचा सोडा दाबायचा, वर एक थेंब, क्षणात दगड. (वाफ नाकात जाते, खिडकी उघडी ठेवा.) लगेच घासून घ्या. दुसऱ्या दिवशी तो भाग आजूबाजूच्या सनबोर्डपेक्षा इतका कठीण होतो की बाजूची जागा झिजते आणि टेंगूळ तसेच राहते.

बोटी आमच्याकडे उशिरा आल्या, पण आता निम्मे काम त्यांचेच. पंधरा मीटरचा ट्रॉलर १:५० ला ३० सेंटिमीटर होतो. ३ मिलिमीटर सनबोर्डचा प्रत्येक थर म्हणजे खऱ्या बोटीची १५ सेंटिमीटर उंची, २.४ मीटर खोल बोटीला असे १६ थर. बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना काठाला ओळंबा सोडायचा आणि दर १५ सेंटिमीटर उंचीवर दोरीपासून बोटीच्या अंगापर्यंतचे अंतर मोजायचे. असे दर मीटरला एकदा, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) दर अर्ध्या मीटरला, कारण तिथे वळण झपाट्याने बदलते. एकच बाजू मोजतो. लाकडी बोटीच्या दोन बाजूंत दोन-दोन सेंटिमीटरचा फरक निघतो, पण तो या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो.

थर चिकटवायला साधा फेविकॉल चालत नाही. सनबोर्ड पाणी पीत नाही, मग दोन थरांत अडकलेले पाणी जाणार कुठे? महिन्याने कापला तरी आत ओला सापडतो. पाइपचे सोल्युशन मोठ्या पृष्ठभागावर सनबोर्ड विरघळवून वाकवते. रबराचा एसआर फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावून, दहा-पंधरा मिनिटांनी हाताला चिकटेनासा झाला की जोडायचा. एकदा जोडला की सरकत नाही, म्हणून दोन टाचण्यांच्या भोकांनी आधीच जागा पक्की करायची. कडेपासून ३ मिलिमीटर आत थांबायचे. रबर घासले जात नाही, आणि कडेला आले तर बोटीच्या अंगावर बरगड्या उठतात. मग ८०, १५०, २२०, ४०० नंबरचा कागद, आणि मधून लांबी (खाचा बुजवायची पुटी). ही लांबी एकाच वेळी जाड भरली तर सुकताना फाटते. तीन पातळ हात द्या.

बाकी सामान स्वयंपाकघरातले. जाळ्याची बोये (जाळे तरंगते ठेवणारे गोळे) म्हणजे मोहरी: दोन मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटरचे बोय. पण मोहरीला आधी नेलपॉलिशचे दोन हात, नाहीतर तेल सुटून रंगाला डाग पडतो. साबुदाणा वापरला होता, तो पावसात फुगला. बोटीच्या अंगाला बांधलेले स्कूटरचे टायर म्हणजे ८ मिलिमीटरची रबरी रिंग. मच्छरदाणीचे भोक सव्वा मिलिमीटर धरले तर १:५० ला ६ सेंटिमीटर होते. ते मोठ्या आसाच्या (भोकाच्या) जाळ्याला चालते, ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला नाही, तिथे जुनी जाळीदार ओढणी. दोरासाठी शिवणाच्या दोऱ्याचे तीन पदर हँड ड्रिलने पिळायचे आणि मेणावरून ओढायचे. मेण नसेल तर दोऱ्याची लव उभी राहते, आणि या प्रमाणात ती लव काथ्यापेक्षाही जाड दिसते.

रेल्वेचे काम थोडे. लोक १:८७ मागतात, कारण रूळ त्यातले मिळतात. पण ते १६.५ मिलिमीटरचे रूळ १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी (दोन रुळांमधल्या अंतरासाठी) आहेत. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते १:८७ ला सव्वाएकोणीस व्हायला हवे. १:१०० धरा, मग तेच तयार रूळ जवळजवळ बरोबर बसतात. त्या प्रमाणात आमच्या जवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल ६४ सेंटिमीटर होतो, पण लांबीला सव्वाचार मीटर. तेवढी भिंत कुणाकडे आहे, हे आधी विचारतो.

लेझर कटिंग आता बाहेरून करून घेतो, पण फक्त खिडक्यांचे गज आणि जिथे वीस तुकडे सारखे हवेत तिथे. किरण सुमारे ०.२ मिलिमीटर खातो. रेखाटनात ते धरले नाही तर खाचा सैल होतात. कौले लेझरने करून पाहिली. सगळी सारखी आली, आणि म्हणूनच खोटी दिसली.

पाठवणी रात्रीच्या बसने होते, आणि बसच्या पोटात उन्हाळ्यात भट्टी असते. एका खेपेला ग्लू गनने लावलेले सगळे झाड-माड पेटीत सुटे मिळाले. तो गोंद उष्णतेने मऊच होणार, चूक आमची. आता माडाच्या खोडात ३ मिलिमीटरची तार असते आणि ती १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये भोक पाडून अरल्डाइटने बसवलेली. प्रतिकृती तळाला स्क्रूने, डोलकाठी वेगळ्या नळीत.

ऑर्डर कधी द्यावी हे बरेच जण विचारतात. घराची मापे मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना आणि छपरावर चढता येते तेव्हा. पुठ्ठ्याचे काम ऑक्टोबरपासून. बोटीची ऑर्डर जूनमध्ये द्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि एरवी पाण्याखाली असलेला भाग तेव्हाच ओळंब्याने मोजता येतो. मात्र बोट प्लास्टिकने किंवा झावळ्यांनी शाकारण्याच्या आधी आम्हाला कळवा.