व्हेनिसला चैत्रात: मुक्काम गावातच करा

व्हेनिसला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: मुक्काम बेटांवरच करा. समोर मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला हॉटेलं स्वस्त मिळतात आणि तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत जुन्या शहरातल्या सांता लुचिया स्टेशनवर पोहोचता येतं, हे खरं आहे. पण सकाळी हजारो लोकांबरोबर आत शिरायचं आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच बाहेर पडायचं, यात हाती लागते ती गर्दीच. जुन्या शहरात आता 50,000हून कमी माणसं राहतात. 1950च्या सुमारास ही संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. या उरलेल्या माणसांचं गाव भेटतं ते सकाळी आठच्या आत आणि रात्रीच्या जेवणानंतर.

आम्ही एप्रिलच्या उत्तरार्धात गेलो, सोबत आई होती. तिचे गुडघे दुखतात आणि व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत, बहुतेक सगळे पायऱ्यांचे. म्हणून खोली ठरवताना भाडं आणि फोटो नंतर पाहा, आधी नकाशावर बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल चढावे लागतात ते मोजा. आम्ही कान्नारेज्जो या भागात, वाटेत एकही पूल न येणारी जागा घेतली आणि त्या एका निर्णयाने सगळी सहल सुखाची झाली. बॅगा लहान ठेवा.

वापोरेत्तो म्हणजे इथली पाण्यावरची बस. एका फेरीचं तिकीट 75 मिनिटं चालतं आणि त्याला 9.50 युरो पडतात. त्यापेक्षा 24 तासांचा 25 युरोंचा किंवा 72 तासांचा 45 युरोंचा पास घ्यावा. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनालच्या जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबत जाते. पहाटे पुढची मोकळी जागा मिळाली, तर दोन्ही काठांचे वाडे निवांत पाहून होतात. गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो आहे, माणशी नव्हे, होडीचा. आम्ही त्याऐवजी त्राघेत्तोने गेलो. साध्या गोंडोलासारखीच ही होडी दोन युरोंत कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सोडते. सांता सोफियाच्या धक्क्यावरून निघालो की समोर थेट रिआल्तोचा बाजार.

या बाजारासाठी वसंतातच यावं. सांतेराज्मो बेटावरची कास्त्राउरे या दिवसांत येतात. आर्टिचोक म्हणजे न उमललेल्या फुलाची भाजी, आणि तिच्या झाडाला शेंड्यावर येणारी ही पहिली कळी. ती खुडली की खालच्या कळ्या जोमाने वाढतात. बोटभर लांबीची, जांभळी, चवीला कडवट. पातळ काप करून लिंबू नि ऑलिव्ह तेल घालून कच्चीच खातात. शेजारी एक बाई मोठे आर्टिचोक हातात फिरवत सुरीने सोलत होत्या. पाकळ्या भराभर खाली पडत होत्या आणि उरलेली गोल, पांढरट चकती त्या लिंबाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होत्या, काळी पडू नये म्हणून. आई तिथेच रमली. खुणांनीच दोघींचं बोलणं झालं आणि आम्ही चार चकत्या घेऊन आलो. खोलीत शेगडी होती, त्यामुळे रात्री लसणावर परतून खाल्ल्या. मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. रिझी ए बिझी हा वसंतातला मटार-भात नावावरून निर्धोक वाटतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस किंवा मांसाचं पाणी असतं. मागवण्याआधी विचारा.

गावातल्या चौकांना कांपो म्हणतात आणि बहुतेकांच्या मध्यभागी दगडी विहीर दिसते. तिला झरा नाही. भोवतालची सगळी फरशी दगडी जाळ्यांच्या दिशेने किंचित उतरती आहे. पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं, वाळूतून गाळलं जातं आणि विहिरीत साठतं. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बाजूंना चिकणमाती थापलेली. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी येईपर्यंत हे शहर त्यावरच जगलं. आता चौकाचौकात नळ आहेत, बाटली भरून घ्या.

सान मार्कोच्या बॅसिलिकात खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. वेळ आधी आरक्षित करा आणि वरच्या मजल्याचं तिकीट जरूर काढा. 1204च्या लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले मूळ कांस्य घोडे तिथे आहेत, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. नंतर पाण्याच्या बाजूला वळा. तिथे जुनी टांकसाळ आहे, आता ग्रंथालयाचा भाग झालेली. व्हेनिसने 1284 पासून पाडलेलं सोन्याचं दुकात हे नाणं मिऱ्यांच्या नि मसाल्यांच्या व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आलं. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्यावर असे, आणि आपल्याकडे त्याला पुतळी म्हणत. पुतळ्यांच्या माळेचं मूळ तेच. आईच्या गळ्यात माळ नव्हती, पण तिच्या आजीची तिला आठवत होती. त्या इमारतीसमोरून ती लवकर हलेना.

2024 पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते चार या वेळेत दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडतं. 2025 मध्ये ते आधी भरल्यास 5 युरो आणि ऐनवेळी 10 युरो होतं. मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे, पण काही अपवाद सोडले तर त्यासाठीही संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. 25 एप्रिल हा संत मार्कचा दिवस. पुरुष बायकांना गुलाबाची लाल कळी देतात आणि रस्तोरस्ती कळ्या दिसतात. तोच इटलीचा मुक्तिदिनही आहे, पाठोपाठ 1 मेची सुट्टी येते, त्यामुळे इटालियन कुटुंबंही लोटतात. या आठवड्यात जायचं असेल तर खोली जानेवारीतच पक्की करा. जमत नसेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा घ्या, मात्र ईस्टरची तारीख तपासून.