आधी अर्ज, मग प्रदर्शन

बौद्धिक संपदेविषयी मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न ‘कोणता हक्क घ्यावा’ असे असतात. माझ्या मते ‘केव्हा’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क यांचे काळाशी असलेले नाते अगदी वेगवेगळे आहे आणि पेटंटच्या बाबतीत झालेला उशीर सहसा भरून निघत नाही.

पेटंटसाठी शोध नवा, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज न सुचणारा आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा लागतो. शोध नवा आहे की नाही हे पाहताना संशोधकाने स्वतः अर्जापूर्वी जाहीर केलेली माहितीही त्याच्याविरुद्ध जाऊ शकते. यंत्र प्रदर्शनात मांडले, त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली किंवा गोपनीयतेची कोणतीही अट न घालता आराखडा पुरवठादाराला दाखवला, तर युरोपात पेटंटची वाट बहुधा बंद होते. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणासाठी एक वर्षाची सवलत आहे. पण तिच्या भरवशावर इतर देशांतील हक्क गमावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. उलट एका देशात वेळेवर अर्ज केला, तर १८८३ च्या पॅरिस करारानुसार पुढील १२ महिन्यांत अन्य सदस्य देशांतही त्याच तारखेचा अग्रक्रम मागता येतो, म्हणजे शोधाचे नवेपण तेथेही त्या पहिल्या तारखेपासूनच मोजले जाते. हक्काची मुदत साधारणपणे अर्जापासून २० वर्षे असते आणि त्याच्या बदल्यात शोधाचा तपशील जगाला खुला करावा लागतो. हा व्यवहार मला मनापासून न्याय्य वाटतो.

कॉपीराइटला अशी घाई नसते. १८८६ च्या बर्न करारातील देशांत तो नोंदणीशिवायही मिळतो. मात्र तो कल्पनेला नव्हे, तर तिच्या प्रत्यक्ष मांडणीला मिळतो. येथे खरी काळजी घ्यायची ती मालकीची. बाहेरच्या चित्रकाराकडून बोधचिन्ह करून घेतले आणि मोबदला पूर्ण चुकता केला, तरी लेखी हस्तांतरण नसेल तर अनेक देशांत कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. काम सुरू होण्यापूर्वी केलेला करार दोघांच्याही हिताचा असतो, आणि कलावंतानेही तो वाचल्याशिवाय सही करू नये.

ट्रेडमार्क वापराने बळावतो आणि वेळोवेळी, बहुतेक देशांत दर १० वर्षांनी, नूतनीकरण केल्यास तो कितीही काळ टिकू शकतो. वस्तूचे केवळ वर्णन करणारे नाव मात्र दुबळे ठरते, आणि नाव वस्तूचेच सर्वसामान्य नाव बनले तर हक्कच जातो. ‘एस्केलेटर’ या चिन्हाचे अमेरिकेत १९५० मध्ये तसेच झाले. म्हणून वेष्टने छापण्यापूर्वी, ज्या देशांत माल विकायचा आहे तेथील नोंदवहीत आपल्या प्रकारच्या वस्तूंसाठी तेच किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव कोणी आधीच घेतलेले नाही ना, हे तपासून घ्यावे.