त्याचंही खरंय

रविवार, रात्रीचे साडेबारा

झोप येत नाहीये. सांगण्यासारखं काही घडलेलंही नाही. मावशीकडे जेवायला गेले होते. जेवणं उरकल्यावर दादाने टीव्ही लावला, तर जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ सुरू होता. मी म्हटलं, हा नको रे, याने निराशा केली होती. तो म्हणाला, ‘‘असू दे, मी बघितलाच नाहीये.’’ २०१५च्या नोव्हेंबरात तो लागला तेव्हा दादा बंगळुरूला होता. मी कोथरूडला एकटीच बघून आले होते आणि घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

मग तो प्रसंग आला. बाँडला खुर्चीत जखडलंय आणि खलनायक ब्लोफेल्ड झालेला ख्रिस्तोफ वॉल्ट्झ अगदी थंडपणे सांगतोय, माझ्या वडिलांनी या अनाथ पोराला घरी आणलं, याला भाऊ मान म्हणाले. वडिलांचा जीव त्याच्यावरच जडला. मग ती कोकिळेच्या पिल्लाची गोष्ट. परक्या घरट्यात वाढतं आणि तिथली अंडी बाहेर ढकलतं.

दादा बडीशेप चघळत होता. म्हणाला, ‘‘त्याचंही खरंय.’’ आणि गॅसवरचं दूध बघायला उठला.

एवढंच.

परत आला तेव्हा वाळवंटातला ब्लोफेल्डचा तळ उडत होता. त्या एका स्फोटासाठी ८,४१८ लिटर रॉकेल आणि ३३ किलो स्फोटकं वापरली होती, गिनीज बुकात नोंद आहे. हे मी त्याला सांगितलं. दुसरं काहीतरी बोलायचं होतं, ते सुचलं नाही.

मला या सिनेमाचा राग आहे आणि तो आजचा नाही. ब्लोफेल्ड म्हणजे बाँडच्या सिनेमांतला सगळ्यात मोठा खलनायक. सुरुवातीला त्याचा चेहराही दाखवायचे नाहीत. मांडीवरची पांढरी मांजर आणि तिला कुरवाळणारा हात, बस. चेहरा दिसला तो थेट १९६७मध्ये. पुढे हक्कांच्या भांडणात त्याचं नाव घेणंच बंद झालं, ते २०१३मध्ये मिटलं. एवढी वर्षं वाट बघून त्याला परत आणलं आणि काय केलं? बाँडचा मानलेला भाऊ! जगभर पसरलेली ती संघटना, माणसं मारणं, सगळ्याच्या मुळाशी काय, तर लहानपणी घरात दुसरं पोर आलं. आधीच्या तिन्ही सिनेमांतले खलनायकही याचेच. म्हणजे बाँडचा जीव जिच्यावर होता ती व्हेस्पर गेली तेही यातच जमा. तिचा तो पत्त्यांच्या डावाचा ‘कॅसिनो रोयाल’ बघून मी रडले होते, ते रडणंसुद्धा यांनी काढून घेतलं.

आणि ज्या दुखण्यावर सिनेमा उभा केला त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. चार वाक्यांत उरकलं. असं घर ज्याने बघितलंय त्याला कळेल, ते चार वाक्यांत उरकत नाही.

मी काही स्वतःहून आले नव्हते. अकरा वर्षांची होते. तिसरी पोळी कधी मागितली नाही. मावशी ‘वाढू का?’ म्हणायची तर पोट भरलं म्हणायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं इतकी वर्षं वाटत होतं. कावळ्याच्या घरट्यातल्या कोकिळेची गोष्ट शाळेत शिकताना मी मान वर केली नव्हती. कोकिळेला गाता येतं म्हणून तिचं सगळं माफ, असं बाई म्हणाल्या होत्या. मला तर गाताही येत नाही.

सिनेमात एक अर्धा जळालेला फोटो आहे. बाँड, ते वडील आणि तिसऱ्याचा चेहरा जळून गेलेला. मावशीकडे शोकेसमध्ये आमचा सिंहगडावरचा फोटो आहे. मध्ये काका, मी त्यांचं बोट धरलेली, कडेला दादा. फोटोपेक्षा फ्रेम लहान, म्हणून दादाचा एक खांदा पट्टीखाली गेलाय. इतक्या दिवाळ्यांना मी तो फोटो पुसलाय. आज निघताना चपला घालता घालता तो खांदा दिसला.

काकांनी मला सायकल दिली होती, सीट खाली करून. ती दादाची होती. त्यानंतर तो भावे हायस्कूलला चालत जायचा. खिडकीजवळची कॉटही त्याची. तेरा वर्षांच्या मुलाला तेव्हा कुणी काही विचारलं असेल? मी तर नक्कीच नाही. आणि ‘कॅसिनो रोयाल’ची तिकिटं त्यानेच काढली होती, ई-स्क्वेअरला, पहिल्या पगारातून. मध्यंतरात समोसा आणला तो एकच, आणि तो माझ्या हातात दिला.

त्याचंही खरंच आहे. ते तो एवढ्या सहज म्हणाला, दुधाकडे जाता जाता. मनात धरून ठेवलेलं असतं तर इतक्या सहज निघालं नसतं. की खूप जुनं झाल्यामुळे सहज निघालं?

आत्ता त्याचा मेसेज आलाय. ‘उसळीचा डबा विसरलीस. उद्या ऑफिसला जाताना देतो. पुढच्या रविवारी तो पत्त्यांवाला बघू, तो भारी होता.’

‘दादा, ती सायकल’ एवढं टाइप केलं होतं. खोडलं. ‘हो, बघू’ लिहून पाठवलं.