लाव्याची अंडी उबवताना झालेली चूक

पहिल्याच खेपेला मी एक जिवंत अंडं फोडलं. त्याची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

अंडं उजेडावर धरून बघायला मी आजीकडून शिकलो. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून आठवडा झाला की आजी अंधाऱ्या माजघरात एकेक अंडं बॅटरीच्या तोंडावर धरायची. शिरा दिसल्या तर परत कोंबडीखाली, नाहीतर बाजूला. तोच हिशेब मी जपानी लाव्याला, म्हणजे क्वेल नावाच्या छोट्या पक्ष्याच्या अंड्यांना लावला. पण हे अंडं जेमतेम १०-१२ ग्रॅमचं, त्यावर तपकिरी-काळे डाग. उजेडात डाग कुठला आणि गर्भ कुठला, हेच कळेना.

इन्क्युबेटरमध्ये २४ अंडी होती, तापमान ३७.५ अंश. पाचव्या दिवशी मी चार अंडी रिकामी समजून त्यांच्यावर पेन्सिलने फुली मारली. टाकण्याआधी त्यातलं एक वाटीत फोडलं. बलकावर लाल शिरांचं जाळं, डोळ्याचा काळा ठिपका आणि त्याच्याशेजारी एक लाल टिंब. ते टिंब धडधडत होतं. थांबेपर्यंत मी बघत उभा राहिलो. उरलेली तीन लगेच आत ठेवली.

मग आठव्या दिवसापर्यंत हात लावला नाही, फक्त अंडी फिरवत राहिलो. त्या रात्री घरातले सगळे दिवे घालवले. मोबाइलचा उजेड फाकतो, म्हणून छोटी एलईडी बॅटरी घेतली, तिच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला आणि त्याला बोटाच्या टोकाएवढं भोक पाडलं. अंड्याची बोथट बाजू भोकावर टेकवून अंडं सावकाश फिरवायचं. कवचावरचे डाग कवचाबरोबर फिरतात, आतली सावली तशी फिरत नाही. हे लक्षात आलं आणि माझा गोंधळ मिटला.

जिवंत अंड्यात वर हवेची पोकळी लख्ख आणि खाली गडद. दोन्हींच्या सीमेवर बारीक लाल शिरा. रिकामं अंडं सगळीकडून नारिंगी-पिवळं उजळतं. आत रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ दगावलेला. हात धुऊन, कोरडे करून, एका वेळी चार-पाचच अंडी बाहेर काढली.

१४ नक्की जिवंत, ४ रिकामी, ५ संशयाची. रिकाम्या अंड्यांचं नवल नव्हतं, ज्याच्याकडून अंडी घेतली त्या विक्रेत्याकडे सहा माद्यांमागे एकच नर होता. खरंतर दोन-तीन माद्यांमागे एक हवा. संशयाच्या अंड्यांवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं, एकही टाकलं नाही. अंड्याला वास येत नाही, ते पाझरत नाही, तोवर टाकायची घाई का करायची? चौदाव्या दिवशी पुन्हा पाहिलं तर त्यातली तीन गडद झाली होती. तिथून अंडी फिरवणं बंद केलं आणि ओलाव्यासाठी इन्क्युबेटरमधलं पाणी वाढवलं.

सतराव्या दिवशी पहाटे पहिलं कवच तडकलं. दुसऱ्या रात्रीपर्यंत अंगठ्याएवढी १५ पिल्लं बाहेर आली. फुलीच्या तीन अंड्यांपैकी एक रिकामं निघालं होतं. उरलेल्या दोन्हींतून पिल्लं आली.