बारा डीव्हीडी आणि एक रविवार

अख्खा रविवार डीव्हीडी राइट करण्यात गेला. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ, पावणेदोन तासांचा. लिंक पाठवतो म्हटलं तर आत्या म्हणाली, "लिंकबिंक नको रे बाबा, टीव्हीला लावता येईल असं काहीतरी दे." लगेच आईने आणखी अकरा घरांची यादी हातात ठेवली.

माझी चूक अशी की, प्रत्येक कॉपीसाठी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधूनच 'बर्न' दाबत होतो. म्हणजे दर वेळी कम्प्युटर बापडा सगळा व्हिडिओ नव्याने एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीला चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये, बदलत बसायचा. दोन डिस्क होईपर्यंत जेवणाची वेळ झाली! मग डोकं चाललं. एकदाच आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली तयार प्रत) बनवली आणि पुढे फक्त तीच लिहीत गेलो. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण कम्प्युटर दाखवतो ४.३७. तेवढ्यासाठी मामांचं भाषण जरा कापलं. (मामा, वाचत असाल तर कारण खरंच तांत्रिक आहे.)

१६एक्स, म्हणजे सोळापट वेगाने लिहिण्याच्या घाईत दोन डिस्क नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन गचकल्या. वेग ८एक्सवर आणला, तर एकेक सात-आठ मिनिटांत बिनबोभाट. प्रत्येक डिस्क बाहेर यायची ती नुकत्या भाजलेल्या पापडासारखी गरम. मार्करने नाव घालायला आई शेजारी बसलेलीच.

वाया गेलेल्या दोन तिने दोरा ओवून बाल्कनीत टांगल्यात. संध्याकाळपासून कबुतरं फिरकलेली नाहीत.