तुम्ही विचारलंत म्हणून: चालत्या गाडीचा पंप मी का उघडतो

"गाडी मस्त चालतेय, नुसतं तेल बदलायला आणलीय, मग पंप कशाला उघडायचा?" नाशिकच्या अंबडला माझ्या गॅरेजात हा प्रश्न सतत येतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाड्यांचा, पेट्रोलला दाब देणारा पंप, त्याबद्दल तो असतो. कुणी तोंडावर विचारतं, कुणी फोन लावून मोबाईल माझ्या हातात देतं आणि मग पुण्यातला मुलगा विचारतो. प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तोही मला ऐकू येतो: बिल फुगवायला का?

आधी पैशाचंच बोलतो. हो, तपासणीची मजुरी मी घेतो. पंप उतरवायचा, त्याखालचा फॉलोअर, म्हणजे एक छोटी पोलादी टोपी, काढून बघायचा, पुसून परत बसवायचा, यात कारागिराचा वेळ जातो. बऱ्याच गाड्यांचा फॉलोअर ठणठणीत निघतो आणि मालकाला वाटतं पैसे पाण्यात गेले. मला ते पटत नाही. रक्त तपासून साखर नॉर्मल आली म्हणून कुणी लॅबवाल्याशी भांडत नाही.

आता हट्ट कशासाठी, ते सांगतो. पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच फवारणाऱ्या साध्या इंजिनाला तीन-चार बार दाब पुरतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं तर सुरुवातीच्या इंजिनांतही 50 ते 100 बारपर्यंत जावं लागलं, पुढे 200 झाले, आता 350 आणि त्याच्याही पुढे मजल गेली आहे. हा दाब तयार करणारा पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनातल्या उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर चालतो. कॅमचा उंचवटा आणि पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, यांच्यामध्ये ती छोटी पोलादी टोपी असते, तो फॉलोअर. सगळा मार तो खातो. तीन उंचवट्यांचा कॅम धरा. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर कॅम 1500 वर फिरतो, म्हणजे त्या टोपीवर मिनिटाला 4500 दणके. जुन्या पद्धतीच्या फॉलोअरचा माथा सपाट असतो, कॅम त्यावर घासत जातो. मध्ये असते ती तेलाची फिल्म आणि माथ्यावरचा काळा डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा थर. हा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. सातपूरला डिझेल नोझलच्या ग्राइंडिंगवर उमेदीची वर्षं काढलीत मी, काही मायक्रॉन म्हणजे किती ते मला समजावून सांगावं लागत नाही.

माथा एकसारखा काळा असेल तर गाडी परत जोडायची आणि न्यायची. मधोमध चंदेरी ठिपका दिसला की फॉलोअर बदलायचा, तिथे घासाघीस करायची नाही. ठिपक्याच्या जागी बोटाला खळगा लागला तर कॅमही बघावा लागतो, कारण झिजलेल्या कॅमवर नवा फॉलोअर टिकत नाही. भोक पडलं की कॅम थेट प्लंजरवर आपटतो. आणि हे सगळं होत असताना गाडी कुरकुर करत नाही. दिवा लागतो तो रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब पडल्यावर. स्कॅनरवर पी 0087 हा कमी दाबाचा कोड दिसतो तेव्हा आत नुकसान होऊन गेलेलं असू शकतं.

पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांना मी दादा म्हणायचो. ट्रॅक्टरपासून सगळं माझ्याकडे यायचं. त्यांनी मुंबईहून एक थेट फवारणीची टर्बो पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. तिची सर्व्हिसिंग ते दुसरीकडे करायचे, तिथली माणसं त्या गाड्यांची जाणकार म्हणून. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. मग एका रात्री कसारा घाट चढताना गाडीने ओढ सोडली. जिवात जीव नव्हता, असं ते सांगत होते. मागून ट्रेलर, शेजारी वहिनी. त्या दुसऱ्या ठिकाणी इंधनाचा फिल्टर बदलला, मग प्रेशर सेन्सर बदलला, दिवा परत लागला. तेव्हा दादा माझ्याकडे आले.

मी पंपाचे बोल्ट सोडले. दादा बाहेर गेटपाशी फोनवर होते, मार्केटला माल जायचा होता. फॉलोअर चिमट्याने वर घेतला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला. भोकाची कड ब्लेडसारखी पातळ होत गेलेली, गुळगुळीत, चकचकीत. प्लंजरचं टोक चेपून पसरलेलं. टॉर्च मारून बघितलं तर कॅमच्या उंचवट्यावर ओरखडे, नखाला अडकतील असे. मी दादांना हाक मारली आणि फॉलोअर त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "काढताना तुझ्या हातून मोडला."

मी सांगितलं, दादा, मोडलेल्या लोखंडाची कड खरबरीत असते, दाणे दिसतात. ही झिजून पातळ झालीय, बोट फिरवून बघा. त्यांनी बोट फिरवलं नाही. खिशातून पावत्या काढल्या. तेल वेळच्या वेळी बदललेलं, बाटलीवर कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक बरोबर. "मी सगळं वेळेवर केलंय, मग झिजेल कसं?" कॅमशाफ्ट, पंप, फॉलोअर, झालंच तर खालचं तेलाचं चेंबर उघडून धातूचा कीस साफ करणं, आकडा ऐकून त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी टोचन लावून गाडी नेली. पिंपळगावात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं. पुढे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो, त्यांनी ती दारातच घेतली. आत या म्हणाले नाहीत. लग्नाला कुणी आलं नाही.

तेव्हापासून मालक समोर उभा असल्याशिवाय माझ्या गॅरेजात पंप सुटत नाही. तुम्हाला चहा पीत बाहेर बसायचं असतं आणि मी आत बोलावतो, याचा काहींना राग येतो. येऊ दे.

पण दादांचा प्रश्न मला सोडत नाही, कारण त्याआधी मीसुद्धा तेच म्हणायचो: चांगलं तेल घाला, वेळेवर बदला, बाकी काही लागत नाही. त्या जुन्या मला आज विचारावंसं वाटतं, मग या पावत्यांचं काय करू? तो म्हणेल, तेल बरोबर होतं पण त्यात पेट्रोल मिसळलं असेल. असेल. थेट फवारणीत थंड इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल आपटतं आणि खाली तेलात उतरतं. निफाडच्या जानेवारीत सकाळी गाडी चालू करून बागेपर्यंत जायचं आणि बंद करायची, म्हणजे ते उडून जायला तेल तापतच नाही. पातळ तेलाची फिल्म आधी तुटते ती अशाच घासणाऱ्या जागी. दुखणं नवं नाही. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलमध्येही पेट्रोल तेलात उतरायचं. म्हणून मी सांगतो, वापर जवळजवळचा असेल तर पुस्तिकेतल्या 15,000 किलोमीटरची वाट बघू नका, निम्म्यावर तेल बदला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर त्याच्याही आधी. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून रेलचा दाब वाढवला असेल तर फॉलोअरवरचा भारही वाढलाय, हे धरून चाला.

एवढं करूनही मी निर्धास्त नाही. तेलाची हेळसांड केलेल्या गाडीत काळाभोर फॉलोअर बघितलाय आणि जिवापाड जपलेल्या गाडीत चंदेरी. कॅमचा कठीणपणा, थराची प्रत, चालवणाऱ्याचा पाय, कशाचा वाटा किती हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच उघडून बघतो. नव्या इंजिनांत रोलरचा फॉलोअर आला, तो घासण्याऐवजी लोळतो आणि झीज पुष्कळ कमी होते. रोलरवाल्यांना मी पंप उघडायला लावत नाही, हेही लिहून ठेवा, कारण "हा सगळ्यांचेच उघडतो" असं बोललं जातं. सपाट फॉलोअर असेल तर मात्र तेलाच्या प्रत्येक बदलाला बघणार. कुणाला ते फार वाटत असेल तर एक आड एक वर तडजोड करतो, पण मनापासून नाही.

येणार असाल तर सकाळी या, इंजिन थंड असलं पाहिजे. रेलमधला दाब आधी उतरवावा लागतो, गरम इंजिनावर पेट्रोलची लाइन मी सोडत नाही. मागच्या तेलाची रिकामी बाटली असेल तर घेऊन या. आणि अर्धा तास माझ्याशेजारी उभं राहायची तयारी ठेवा.