तुम्ही विचारलंत म्हणून: खरेदीत शिकण्यासारखं असतं तरी काय?

लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही ओळख निघाली आणि मी कुडाळकडच्या एका काजू कारखान्यात खरेदी बघते असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. जुनी माणसं विचारतात, "काय गो, खरेदीचो पण कोर्स आसता?" बी.कॉम. झालेली मुलं जरा आडवळणाने येतात: "ताई, सप्लाय चेनचं काही करावं का, की सरळ एमबीए?" आणि ज्यांचा स्वतःचा लहानमोठा धंदा आहे, कोकम, आंबापोळी, होमस्टे, त्यांना एकच गोष्ट हवी असते: भाव पाडून घ्यायचा कसा, ते सांगा.

शेवटच्यापासून सुरुवात करते. भाव पाडणं हा ह्या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे, आणि तो आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात सुरमईवरून दहा मिनिटं वाद घालून वर दोन बांगडे मागून घेणाऱ्या बाईला मी काय शिकवणार? शिकायचं असतं ते समोरून आलेला भाव वाचायला. ११० रुपये किलो म्हणजे नेमके कशाचे ११० रुपये?

काजूचंच सांगते. आम्ही घेतो बी आणि विकतो गर. म्हणजे पैसे मोजायचे ते आतल्या गराचे, आणि तो तर टरफलात झाकलेला. जुने व्यापारी गोणीत कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर बी खुळखुळवतात आणि "खणखणीत सुकी आसा" म्हणून मोकळे होतात. त्या हाताला मी नावं ठेवणार नाही. ओलावा त्याला खरोखर कळतो. पण गर किती निघणार हे हाताला कळत नाही. त्यासाठी कटिंग टेस्ट करावी लागते. गोण्यांच्या वरून, मधून, तळातून बी काढायची, एकत्र नीट मिसळायची, त्यातली एक किलो तोलून घ्यायची आणि कापण्याआधी मोजायची. किलोत १८० बिया भरल्या तर दाणा मोठा, २१० भरल्या तर बारीक. मग एकेक बी उभी कापायची. चांगला गर एका ताटलीत, डागी दुसरीत, आणि किडका, सुरकुतलेला, पोकळ असला तो तिसरीत. टरफलातलं तेल लागून बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. हातमोजे घाला म्हणून सांगून मी थकले, आमची पोरं काही घालत नाहीत.

मग वजनं करायची. चांगला गर पुरा धरायचा, डागी अर्धा, तिसरी ताटली सोडून द्यायची. समजा चांगला गर २६२ ग्रॅम निघाला आणि डागी २० ग्रॅम, तर हिशोबात आले २७२ ग्रॅम. काजूच्या व्यापारात हाच आकडा ८० किलोच्या गोणीमागे किती पौंड (पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम) गर, असा सांगतात. २७२ ग्रॅम म्हणजे ४८ पौंड. ह्याला आउटटर्न म्हणतात, आणि आफ्रिकेतली बी जहाजातून मागवतानाही सौदा ह्याच आकड्यावर ठरतो.

आता दोन व्यापारी घ्या. भाव समजण्यापुरते धरलेत, आजचे समजू नका. एकाची बी ११० रुपये, आउटटर्न ४६. दुसऱ्याची ११८ रुपये, आउटटर्न ५०. बाजारात सगळे पहिल्याकडे धावतील. पण पहिल्याच्या गोणीला पडले ८,८०० रुपये आणि त्यातून सालासकट गर मिळाला २०.८७ किलो, म्हणजे किलोला ४२१ रुपये ७० पैसे. दुसऱ्याच्या गोणीला ९,४४० रुपये आणि गर २२.६८ किलो, किलोला ४१६ रुपये २० पैसे. आठ रुपयांनी महाग बी घेतली आणि गर साडेपाच रुपयांनी स्वस्त पडला. त्यातून दुसऱ्याचा दाणा मोठा असेल तर फायदा आणखी वाढतो. गराच्या प्रतवारीत डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला जास्तीत जास्त २४० दाणे, डब्ल्यू-३२० म्हणजे ३२० पर्यंत. आकडा जितका लहान, तितका दाणा मोठा आणि भाव चढा. आणि तो दुसरा व्यापारी पैशाला महिनाभर थांबणारा असेल, तर बारा टक्के व्याजाने बीच्या किलोमागे आणखी रुपया-सव्वा रुपया सुटला.

पुस्तकांत ह्याला टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप म्हणतात. वस्तू दारात येईपर्यंत, वापरून संपेपर्यंत आणि फुकट गेलेली टाकून देईपर्यंत एकूण काय खर्च झाला, तो धरायचा. कोकमवाल्यांनी हीच गोष्ट बाटल्यांना लावून बघावी. पन्नास पैशांनी स्वस्त बाटली गळायला लागली की पेटीतल्या बाकीच्या बाटल्यांची लेबलंही भिजतात, आणि दुकानदार अख्खी पेटी परत पाठवतो.

आता कोर्सवाल्यांच्या प्रश्नाकडे. खरेदीच्या कुठल्याही वरच्या अभ्यासक्रमात एक चौकोन भेटतो. पीटर क्रालिच ह्यांनी तो १९८३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडला. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे. हिच्यावर आपला नफा किती अवलंबून आहे? आणि ही वेळेवर न मिळण्याचा धोका किती? दोन्हींची उत्तरं जास्त किंवा कमी, म्हणजे चार घरं झाली. आमच्या कारखान्यात बी पहिल्या घरात: पैसाही मोठा, धोकाही मोठा. खोकी आणि पाऊच दुसऱ्यात: पैसा बऱ्यापैकी, पण बनवणारे पुष्कळ, तिथे खुशाल कोटेशनं मागवा आणि भाव ताणा. झाडू, वह्या, चहापावडर तिसऱ्यात: त्यात डोकं घालूच नये, एका दुकानाशी महिन्याचं खातं ठेवावं.

खरी गंमत चौथ्या घरात आहे: पैसा नगण्य, धोका प्रचंड. व्हॅक्युम पॅकिंग मशीनचा सीलिंग एलिमेंट घ्या. वस्तू किरकोळ, पण ती जळली की पॅकिंग बंद, आणि पॅकिंग बंद म्हणजे माल बंद. बॉयलरचं गॅस्केट तसंच. आणि ह्या वस्तू कधी जातात? चतुर्थीच्या तोंडावर! दिवाळीच्या ऑर्डरी त्याच सुमाराला भरायच्या असतात, मेकॅनिक आरतीला बसलेला असतो, मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची गर्दी म्हणून सरकारने अवजड वाहनं बंद ठेवलेली असतात आणि कुरिअरवाला "सोमवारनंतर बघू" म्हणतो. म्हणून चौथ्या घरातल्या वस्तूंवर घासाघीस करायचीच नाही. दुप्पट घेऊन कपाटात ठेवायच्या आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवायचं. हा चौकोन ज्याने एकदा स्वतःच्या धंद्याला लावून बघितला, त्याची कोर्सची निम्मी फी वसूल झाली असं मी समजते. बहुतेक लहान धंद्यांत मालक तिसऱ्या घरातल्या दहा रुपयांसाठी भांडत असतो आणि चौथ्या घराकडे त्याचं लक्षही नसतं.

घाटाचंही तेच. कोल्हापूरहून येणारी खोकी करूळ घाटाने येतात असं आपण धरून चालतो. २०२४ मध्ये तो रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा गाड्या भुईबावड्याने, फोंड्याने फिरू लागल्या, आणि भाडं कोणी सोसायचं ह्यावर फोन सुरू झाले. पुरवठादार दोन ठेवा असं प्रत्येक पुस्तक सांगतं. कोकणात त्यात एवढीच भर घालावी लागते की ते दोघेही एकाच घाटाच्या वर बसलेले नसावेत.

पुस्तकातलं सगळंच इथे चालतं असं मात्र नाही. एका वेळी किती माल मागवावा ह्याचं एक जुनं सूत्र आहे, १९१३ साली फोर्ड हॅरिस ह्या अमेरिकी इंजिनिअरने मांडलेलं. वारंवार मागवलं तर मागवण्याचा खर्च वाढतो, एकदम मागवलं तर साठवण्याचा. दोन्ही मिळून सगळ्यात कमी कुठे येतो ते त्यातून काढता येतं. परीक्षेला हमखास येतं. खोक्यांना, पाऊचना ते छान बसतं. पण माल वर्षभर सारखाच लागतो आणि हवा तेव्हा मिळतो, हे त्यात गृहीत धरलंय. आपली बी मार्च ते मे एवढ्यातच येते. पाऊस सुरू झाला की संपलं. तिथे हॅरिससाहेबांचा इलाज नाही, तिथे व्याज मांडावं लागतं.

समजा मेअखेर एक कोटीची बी वाळवून गोदामात भरली आणि पुढचे दहा महिने सारखी वापरत संपवली. सरासरी निम्मी रक्कम अडकून राहिली. बँकेचा दर ११ टक्के धरला तर व्याजच साडेचार लाखांच्या वर गेलं. गोदाम, विमा आणि वाळताना घटलेलं वजन ह्यांचा हिशोब वेगळा. मग प्रश्न असा येतो की वर्षाची सगळी बी हंगामातच घ्यावी, की थोडी कमी घेऊन बाकीची नंतर आयात करावी? टांझानियाची बी ऑक्टोबरनंतर निघते, म्हणजे आपलं गोदाम अर्धं झालेलं असतं तेव्हा. पण तिच्यात डॉलरचा भाव आला, जहाजाचं भाडं आलं आणि बंदरातली वाट बघणं आलं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ह्या जातींची आपली बी टपोरी, तिच्या चवीला मागणारं गिऱ्हाईक वेगळं. त्याला आफ्रिकेचा गर देऊन चालत नाही. हे प्रमाण ठरवणं म्हणजेच ज्याला तुम्ही 'ॲडव्हान्स्ड' म्हणता ते काम. त्याला सूत्र नाही. दरवर्षी नव्याने बसून मांडायचं.

कायद्याचंही थोडं शिकावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. नोंदणी असलेल्या कारखान्याने शेतकऱ्याकडून थेट बी घेतली तर जीएसटी शेतकऱ्याने नाही, आपण भरायचा असतो. आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून खोकी घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे, हे लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यापासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याला आयकराची धार आली: मुदत टळली आणि ३१ मार्चला देणं बाकीच राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. "पार्टीला थांबवून ठेव" ही ज्यांना खरेदीतली हुशारी वाटत होती, त्यांचे सीए आता त्यांना समजावतायत. तसंही, काट्यावरच पैसे मोजणाऱ्याला शेतकरी आपला चांगला माल आधी दाखवतो. उधारीवाल्याकडे उरलेला जातो.

मग कोर्स करायचा का? माझं मत, आधी वर्ष-दोन वर्षं कुठेतरी स्टोअरला किंवा खरेदीला काम करावं. माल उतरवून घेताना चलन आणि गाडीतला माल जुळत नाही म्हणजे काय, हे एकदा बघितलं की वर्गात बसल्यावर निम्मं आपोआप कळतं. त्यानंतर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे डिप्लोमा आहेत. संस्थेचं मुख्यालय नवी मुंबईत, बेलापूरला. ब्रिटनच्या सीआयपीएस ह्या खरेदी-पुरवठ्याच्या संस्थेची पात्रता बाहेरदेशी आणि मोठ्या कंपन्यांत चालते, पण ती टप्प्याटप्प्याने करायची आणि महाग. आखातात जायचं असेल तरच मी तिचं नाव घेईन. पैसेच नसतील तर आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल ह्या सरकारी वेबसाइटवरचे वर्ग फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. इंग्रजीची भीती बाळगू नका, त्या विषयातले शब्द शे-दीडशे आणि तेच तेच. एक्सेलची मात्र सवय हवीच. एमबीएला माझा विरोध नाही, पण फक्त खरेदीत यायचं म्हणून दोन वर्षं आणि एवढे पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

आणि फी भरण्याआधी एक करून बघा. घरचा धंदा असेल तर घरचा, नाहीतर मामाच्या हॉटेलचा. गेल्या वर्षाची खरेदीची सगळी बिलं काढा, वस्तूनुसार बेरीज करा आणि मोठी रक्कम वर, छोटी खाली अशी यादी लावा. वरच्या चार-पाच नावांतच बहुतेक पैसा गेलेला दिसेल. त्यांच्यापुढे लिहा: कोणाकडून घेतलं, दुसरा कोण देतो, उशीर झाला तर काय अडतं, फुकट किती गेलं. बिलं सापडणार नाहीत, सापडली तर अक्षर लागणार नाही, मामा म्हणेल ह्या भानगडीत कशाला पडतोस. तरीही शेवटपर्यंत बसून यादी पुरी करावीशी वाटली, तर बेलापूरला चौकशी करा. अर्ध्यात कंटाळा आला तर विक्रीत जा, तिथेही माणसं कमीच पडतायत.